बांधाकडच्या तीन ओळी

व्हिपावाच्या खोऱ्यात बुर्या नावाचा वारा
मार्चभर दारं आपटत राहिला.
मिलोयका तरी छाटणीला गेलीच.
एका काडीवर दोन डोळे, फक्त दोन,
बाकी सगळं खाली, मेंढ्यांच्या पायाशी.

एप्रिलात डोळे फुटले, आत कापूस.
दंवाच्या रात्री तिने ओला पेंढा पेटवला
आणि पहाटेपर्यंत खोकत बसली.

मग बगलफुटी काढणं, मग फुलोरा.
त्याचा वास इतका हलका
की वाकल्याशिवाय मिळत नाही.

जूनच्या पावसाने पानांवर तेलकट डाग आणले.
केवडा.
"आलास?" ती म्हणाली,
जेवणाच्या वेळेलाच येणाऱ्या दिराला म्हणावं तसं.
मोजून मापून मोरचूद,
बादलीभर आग्याच्या पाल्याचा काढा,
पाठीवर पंप, आणि चढण.

बांधापलीकडे स्रेचकोचा ट्रॅक्टर
दर दहा दिवसांनी पांढरा ढग सोडायचा.
वारा कुणाचा सातबारा बघत नाही.
सर्टिफिकेटवाला पानं तपासायला आला
की तिची जीभ टाळूला चिकटायची.

यंदा ऑगस्टात
स्रेचकोच्याच कडेच्या तीन ओळी भुरीने माखल्या.
बाकी मळा हिरवागार.
"नोझल तुंबलं होतं," तो म्हणाला,
टोपीखाली बोट घालून डोकं खाजवत.
तीनच ओळींपुरतं?
तिने विचारलं नाही.

सप्टेंबर. घड थोडे, मणी बारीक.
एक पाटी तिने बांधावर ठेवली, कापड झाकून.
रात्री त्याचा कुत्रा एकदाच भुंकला.

सकाळी पाटी नव्हती.
कापड तेवढं खांबाला बांधलेलं,
वाऱ्याने नेऊ नये म्हणून
दुहेरी गाठ मारून.