सहावा खांब

सहमच्या तेलवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरचं
मे महिन्याचं पान उलटं करून
मी गॅरेज काढलंय.
लांबी अठरा फूट, रुंदी बारा.
पिकअप सतरा फुटांची आहे,
उरलेला एक फूट माझा,
बॉनेटला टेकून चहा प्यायला.

खिशात नव्वद रियाल.
म्हणजे ऐंशीच. दहा सुनंदाला कबूल केलेत,
धाकटीच्या चष्म्यासाठी.

भिंती नाहीत. भिंती परवडणाऱ्यांच्या.
आपण खांब पुरायचे, वर पत्रा टाकायचा,
बाकी चारी बाजूंनी ओमान.

खांबांचं असं आहे,
खल्फानच्या आटलेल्या बोअरचे चार पाइप
खजुरांमागे लोळताहेत, बारा-बारा फुटी.
त्या बोअरला खारं पाणी लागलं तेव्हा
पंप मीच वर काढला होता, एकट्यानं, रोजाच्या दिवसांत,
म्हणून तो पैसे घेणार नाही.
पाचवा भंगारवाल्याकडे. सात सांगितले, साडेपाचला तुटला.
सहाव्याच्या जागी कागदावर
नुसतं गोल.

पत्रे जुने, नऊ नग, छत्तीस.
आडवे अँगल तेवीस.
नट-बोल्ट, वायसर, वेल्डिंगच्या कांड्या, सात.
उरले साडेआठ,
आणि सिमेंट अजून यायचंय.

काल परकारचाचा आले. मूळ दाभोळचे,
सूरच्या गोदीत लाकडी गलबतं जोडण्यात हयात गेली.
कागद आडवा धरला, मग उभा, मग लांब.
"ह्याला तू छप्पर म्हणतोस? हे शीड आहे, बाबा.
शमाल सुटला की गाडी राहील इथं
आणि पत्रे जातील इराणला, बिनतिकीट."
माझ्या कानावरची पेन्सिल काढून
त्यांनी पत्र्याला उतार दिला,
वरच्या अंगाला वीतभर फट ठेवली.
"वाऱ्याशी भांडू नये. त्याला दार दाखवावं."

खोली किती? मी म्हटलं, दोन फूट.
"वर नऊ दिसणार ना? मग खाली तीन.
दिसत नाही तिथं चिक्कूपणा केलास
की दिसतं ते आडवं होतं."

तीन फूट, सहा खड्डे, नऊ गोण्या,
बारा रियाल सहाशे बैसा.
शिवाय ही जमीन मिठाची, लोखंड चघळते,
म्हणून बुडख्यांना डांबर.
ते रस्त्याच्या कामावरचा कुंजुमोन देईल,
त्याच्या कूलरची मोटर मी बांधून द्यायची.

मग खल्फान आला, कंदुरा आवरत वाफ्यावरून उडी मारून.
पान पाहिलं, खड्ड्यांच्या खुणा पाहिल्या.
"सिमेंट नको, सदीक. सिमेंट ओतलं की ते बांधकाम.
मग बलदिया, मग कागद, मग दंड.
काढता येईल असं काहीतरी कर.
कुणी म्हणालं काढा, तर एका दिवसात
इथं काही नव्हतंच असं दिसायला हवं."

मी हसलो.
दर दोन वर्षांनी शिक्का, असे नऊ शिक्के झालेत.
म्हटलं, हे काम मला येतं.

तर आता सिमेंट नाही.
वाडीतली खडी, एक खेप, तीन रियाल,
थरावर थर टाकून धुम्मस करायची, पाणी मारायचं, पुन्हा धुम्मस.
उरले साडेपाच. बरोबर एका पाइपाचे.
धावत भंगारवाल्याकडे गेलो
तर दुसरा पाइप सकाळीच कुणी नेलेला.

फोनवर सुनंदा म्हणाली, गाडीला घर बांधताय म्हणे?
म्हटलं, घर नाही गं. सावली.
मग ती बराच वेळ चष्म्याच्या फ्रेमबद्दल बोलली.

मगरिबनंतर ऊन उतरलं, आम्ही दोरी घेतली.
पाच खुंट्या ठोकल्या. सहावी ठोकायला
तिथं दगड निघाला, पहार वाजली.
"राहू दे आता," चाचा म्हणाले, "तूच धर."
मी त्या कोपऱ्यात दोरी छातीशी धरून उभा.
समोरून ते एक डोळा मिटून
कोन बघताहेत, कितीतरी वेळ.
"हलू नकोस."