खंडेनवमीच्या आधी

वैजू, कॅलेंडरच्या पाठीवर तू मांडलेलं गणित
आज डब्यासोबत फौंड्रीत नेलं.
सुट्टीत उलगडलं तर तिसऱ्या ओळीवर लोणच्याचं तेल:
एकवीस हजार तीनशे गुणिले अठ्ठेचाळीस.
आणि खाली, बारीक अक्षरात,
शेवटी हातात काय?

ईरण्णा म्हणतो, लीजच घ्या री सर,
विमा आमचा, टायर आमचे, सर्व्हिसिंग आमचं,
तुम्ही फक्त किल्ली फिरवा.
चार वर्षांनी आणून लावा, हात झटका.
पोरगा खोटं बोलत नाही.
फक्त महिन्याला हजार किलोमीटरची रेघ आहे,
पुढं किलोमीटरला नऊ रुपये,
आणि नंबर पुण्याचा येईल.
म्हणजे कोगनोळीपलीकडं बोललो की कर्नाटकवाले,
आणि वडगावात, आपल्याच गल्लीत,
काचेवर टकटक: पाव्हणे कुठले?

विकत घेतली तर बावीस नंबर, आपला.
त्याचा टॅक्स ऐकून तू शोरूममध्ये पाणी मागितलंस.

एकोणीस वर्षं मी उद्यमबागेत ब्रेक ड्रम ओततोय.
रसाचा रंग बघून सांगतो, अजून दोन मिनिटं.
कुठल्या कुठल्या घाटांत
गाड्या थांबतात माझ्या हातच्या लोखंडावर.
संध्याकाळी मी बसला हात दाखवतो.
ती थांबतेच असं नाही.

एक आकडा तू धरला नाहीस.
गडहिंग्लजहून मालूला डायलिसिसला आणायचं,
त्याच दिवशी परत सोडायचं,
दोनशे साठ.
आठवड्यातनं दोनदा.
ईरण्णाची रेघ दुसऱ्या आठवड्यातच पुसली जाते.
तुला गणित येत नाही असं नाही.
बहीण माझ्याकडं मागायची नाही
म्हणून तू पान तिथंच संपवलंस.

निघताना त्याला सहज विचारलं,
लीजच्या गाडीची खंडेनवमीला पूजा करतात काय?
हसला. करा की सर, झेंडू बांधा, लिंबू ठेवा,
फक्त बॉनेटवर कुंकू नको,
परत घेताना डाग मोजतात.

भोंगा झाला. जोशीलकर ओरडतोय, काय करूलास तिथं?
तुझ्या प्रश्नाखाली मी पाचशे वीस लिहिलंय.
पेन नव्हतं, साच्यावर खुणा करतो त्या खडूनं.
तेलावर नीट उठलं नाही.
घरी येईपर्यंत राहिलं तर बघ.