खिडकी चार

दांडिया बाजारमागची आमची पोळ.
दोन स्कूटर समोरासमोर आल्या
की एकीने मागे सरायचं, असा न लिहिलेला कायदा.
तिथून हेरंब बॉल घेऊन निघायचा.
गटाराच्या झाकणाची कड, शाहबेनची तुळस,
फाफड्याच्या गाडीचं चाक,
बसलेली गाय,
आणि बॉल पायापाशीच,
बालवाडीतल्या रुमालासारखा
पिन लावून दिलेला.

मी महापालिकेत. जन्म-नोंदणी, खिडकी चार.
अर्ध्या शहराची पोरं माझ्या अक्षरात जन्मली.
माझाही त्यातलाच.
एकोणतीस डिसेंबर, रात्रीचे अकरा.

मकवाणा सर घरी आले. चहा नको म्हणाले.
चौदाच्या आतल्या संघात तुमचाच सगळ्यांत लहान पडतो, साहेब.
चार दिवस इकडचे तिकडे झाले
तर पुढच्या वर्षीच्यात हाच सगळ्यांत मोठा.
तुमच्या तर हातातच आहे.

हातात होतं.
शाईसुद्धा तीच मिळाली असती.

ट्रायलला मी जाळीबाहेर उभा.
आत चौदा वर्षांची पोरं, काहींना मिशा,
एकाने तर सकाळी दाढी केलेली,
कानाजवळ ताजं कापलेलं.
हेरंबने तिघांना चकवलं.
चौथ्याने नुसता खांदा लावला.
यादी लागली, आम्ही रिक्षाने परतलो.
वाटेत त्याने सेव-उसळ मागितली, जास्त तिखट,
आणि नाक पुसत पुसत सगळी संपवली.

सोळा वर्षं ती तारीख
मी जिभेखाली धरून बसलो.
निवृत्तीच्या दिवशी, गळ्यात हार तसाच, एकदाचं बोललो.

तो हसला.
तारखेचं काही नव्हतं हो, बाबा.
डावीकडे एक मुलगा मोकळा होता,
हात वर करून ओरडत होता.
मी मान वरच केली नाही.
आपल्या पोळेत पास द्यायला होतं कोण?
गाय?

खरं सांगत होता
की मला सोडवत होता, कोण जाणे.

हल्ली शाळेची व्हॅन चालवतो.
संध्याकाळी पोळेत उलटी घेतो,
आरसे मिटवून,
दोन्ही अंगांना चार-चार बोटं जागा.
मी ओट्यावरून म्हणतो, येऊ दे, येऊ दे, अजून.
त्याला गरज नसते.
तो मागे बघतही नाही.