केविन

मंगळवारी, सव्वादोनला, हडर्सफील्डच्या घरी
केविनचा फोन आला.
माझ्या कॉम्प्युटरला म्हणे कीड लागलीय.
डाळीला लागते तशी? मी विचारलं.
तो हसला नाही.

सांगेल ती बटणं मी दाबत गेले.
मग पडद्यावरचा बाण आपला आपण चालायला लागला,
परक्यानं आपल्यादेखत
आपलं कपाट उचकावं तसा.
बँकेचं पान उघडलं.
चारशे दहा पौंड गेलेसुद्धा.

तेवढ्यात केविनच्या मागून कुणीतरी ओरडलं,
"आरं, च्या गार व्हायलाय की!"
चाळीस वर्षांनी तो मिरजेकडचा 'की' कानावर पडला.
"आधी च्या पिऊन घे, बाळा," मी म्हटलं.
पलीकडे नुसता श्वास.
मग तोही नाही.

वायर उपटली. बँकेला फोन लावला.
तिथली मुलगी मला 'लव्ह, लव्ह' म्हणत
एकेक कार्ड बंद करत गेली.
पैसे येतील म्हणाली, बहुतेक.
पासवर्ड बदलले. मुलाला सांगितलं नाही.

गुरुवारी बसस्टॉपवर ग्लेनिसला सांगितलं.
ती बराच वेळ पिशवीतल्या पावाकडे बघत राहिली.
"माझे नऊशे," म्हणाली. "फेब्रुवारीत."

बस आली.
आम्ही चढलो नाही.