धुवणाचं पाणी

सातपूरच्या प्लेटिंग शॉपमध्ये बावीस वर्षं
मी हँडलं बुडवली. आधी निकेल, मग क्रोम, मग धुवण.
धुवणाचं पाणी मोरीत,
मोरी नाल्याला, नाला नासर्डीला.
त्यापुढचं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

शॉप बंद झालं तेव्हा हिशेबात तूट आली,
तुटीपोटी एक सायकल मिळाली.
हँडल माझ्याच हातचं.

मार्गशीर्षात निघाले.
कॅरिअरला पंप, चार भाकरी, गुडघ्याचा बाम.
टाकळीच्या संगमावर फेस होता,
लग्नघरच्या मांडवासारखा पांढरा,
आणि त्यात म्हशी, निवांत.

एकलहऱ्याच्या चिमण्या दोन तास हलल्या नाहीत.
कितीही पायडल मारा, मागे वळलं की तिथंच,
पाळी संपली तरी न जाणाऱ्या सुपरवायझरसारख्या.
पपईच्या पानावर राख.
बोटानं पुसली. खाली हिरवं होतं.

ओढ्याच्या पुढं नदी दिसेचना,
नुसत्या पाणवेली.
एक पोरगं म्हणालं, "मावशी, हिरवळ नाही ती.
आमची कालवड गेली तिच्यात."

चांदोरीत चेन तुटली.
इसाक पिंजारी सायकल उलटी करून बसला,
कडी जोडली, हात पुसले,
मग हँडलवर नख ओढलं.
"पातळ बसलंय. पोपडे धरलेत."
"निकेलला वीस मिनिटं लागतात," मी म्हणाले.
"दिवाळीच्या ऑर्डरी असल्या की आम्ही तेरा द्यायचो."
त्यानं विचारलं नव्हतं.
वीस रुपये घेतले, आणि दुसऱ्या चाकाला हात घातला.

सायखेड्याच्या पुलाखाली गिरजा मोगल गोधड्या आपटत होती.
"कुठून आलीस गं?"
"वरून."
"वरून म्हणजे?"
मी पाण्याकडे बोट केलं.
ती हसली, कळशी कलती केली.
"काठच्या विहिरीचं आहे. गोड लागतं."

मी सोडलेलं ते एव्हाना
पैठणच्याही खाली गेलं असेल.
किंवा गेलं नसेल. गाळ कुठं जातो, कोण मोजतं?
तांब्या दोन्ही हातांत धरला.
ती बघत होती म्हणून नाही,
तहान लागली होती म्हणून
प्यायले.

गोड होतं.

कोपरगाव अजून लांब.
वारा समोरून, त्यात साखर कारखान्याची मळी,
आंबूस, उबदार.
हँडलमध्ये अजून तोंड दिसतं माझं,
पोपडे सोडून.