आईचा उजवा पाय

सायबर चौकात उसाच्या ट्रॉलीमागं
गाडी थांबली ती वीतभर अंतर ठेवून.
एक कांडं बॉनेटवर पडलं.
आई म्हणाली, पेडल घट्ट झालंय.
मी म्हणालो, गुडघा.
दादानं पुण्याहून विचारलं नाही, सांगितलंच : गुडघा.
बायको काही बोलली नाही,
फक्त किल्ली चटणीच्या डब्यामागं सरकवली.

एकाहत्तर वर्षांचा पाय.
चंदगडपासून कागलपर्यंत कुठकुठल्या वाडीवर
बाळंतपणं करायला गेलेला,
आधी सायकलवर, मग लुनावर, मग या मारुतीत.

तरी ब्रेक एकदा दाखवून घ्यावा
म्हणून गाडी उद्यमनगरात नेली.
म्हणजे विकण्याआधी.
हे तिला सांगितलं नव्हतं.
ती शेजारी पर्स मांडीवर घेऊन
पुढं बघत बसली होती.
पेडल मलाही जड लागलं.
मी बुटाला दोष दिला.

इलाही शिकलगारचं पत्र्याचं शेड,
भिंतीपलीकडं लेथ चालू, बिडाच्या भुशाचा वास.
त्यानं मला उतरवलं, तिला बसवलं.
"मावशी, कसं वाटतंय पायाला?"
"दगडावर पाय दिल्यागत."
"कवापास्नं?"
"संक्रांतीपास्नं. आणि सिग्नलला उभी असली की कापती."
"तुम्ही?"
"गाडी."

त्यानं इंजिन बंद करायला लावलं.
"दाबा. परत दाबा. पाच-सहा बार.
आता दाबूनच धरा, सोडू नका.
मारा चावी."
इंजिन लागलं.
तो तिच्या चपलेकडं बघत होता.
पाय होता तिथंच.
"खाली जायला पाहिजे हुता," तो म्हणाला.
"इंजिन लागलं की पेडल आपसूक बोटभर बसतंय.
न्हाई बसलं. म्हंजे मदत पोचत न्हाई."

मग मी न विचारताच मला सांगू लागला :
तो काळा डबा बघा, बूस्टर.
त्याच्या पोटात काही नसतं,
काही नसणं हेच त्याचं काम.
इंजिन त्यातली हवा ओढून घेतं
आणि त्या पोकळीच्या भरवशावर
माणूस नुसत्या पंजानं गाडी थांबवतो.
हवा कुठून आत शिरली
की सगळा भार पायावर.
"मग पाय कुणाचा का असंना.
माझा ठेवा, पैलवानाचा ठेवा."

माझ्या कानाची पाळी तापली.

बॉनेट उघडलं. फुसफुस होती,
पण लेथच्या घरघरीत जागा सापडेना.
आईनं पर्स उघडली.
पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची
ती ॲल्युमिनियमची नळी
अजून पर्समध्ये असते, हे मला ठाऊक नव्हतं;
निवृत्तीला तेरा वर्षं झालीत.
तिनं रुंद तोंड पाइपाजवळ धरलं, कान लावला,
डोळे मिटले.
इलाहीनं ओरडून लेथ बंद करायला लावली.
इंचाइंचानं सरकत ती थांबली
जिथं पाइप इंजिनाला मिळतो त्या वळणावर,
खालच्या अंगाला.
"हितं."

इलाहीनं पाइप वाकवला. चीर ओठांसारखी उघडली.
व्हॉल्व काढून त्यानं दोन्हीकडून फुंकून बघितला :
एकीकडून जाते, दुसरीकडून नाही.
"ह्यो चांगला हाय."
नवा पाइप, दोन क्लिपा, तीनशे वीस रुपये.

परत तीच तपासणी. पाच-सहा वेळा दाबून, धरून,
चावी.
या वेळी चपलेकडं मी बघत होतो.
पाय खाली गेला, बोटभर,
झोप लागलेल्याचा हात उशीवरून ओघळतो तसा.

"गुडघ्याचं तेवढं डॉक्टरला दाखवा," इलाही हात पुसत म्हणाला,
"ते माझ्याकडं न्हाई."
"दुखतोय की," आई म्हणाली.
"दुखत न्हाई असं कोण म्हणालं?"

चावी गाडीलाच होती. ती उतरली नाही.
मी वळसा घालून पलीकडं बसलो.

सायबर चौकात पिवळा लागला.
मी माझ्या बाजूला, जिथं काहीच नाही,
तिथं उजवा पाय घट्ट दाबून धरला.
गाडी अलगद थांबली.
आईनं माझ्या बुटाकडं बघितलं,
मग सिग्नलकडं.