वाढणे

फुजैराबाहेर जहाजं नांगर टाकून असतात.
आम्ही बार्जवरून त्यांना गोडं पाणी विकतो,
ह्याच समुद्राचं, मीठ काढलेलं, टनावर.

रात्रीचे दोन. होजमधून पाणी चढत होतं.
लेफ्तेरिस, त्यांचा सेकंड इंजिनियर, कठड्याला रेलून म्हणाला,
आमच्याकडे एक राजा आहे,
हनुवटीपर्यंत पाण्यात उभा.
प्यायला वाकला की पाणी ओसरतं.

ओळखतो मी त्याला, म्हटलं. कुठल्या कंपनीत?

तो हसला. मग म्हणाला, देवांची शिक्षा आहे.
त्यांना जेवायला बोलावलं
आणि पोटचा मुलगा वाढला.

हे सगळं मोडक्या इंग्रजीत. त्याला कसं सांगू,
आमच्यात हा शब्द दोन कामं करतो.
माझाही मुलगा वाढला,
दर शुक्रवारी थोडासा,
फोनच्या काचेत.

देवांनी ओळखलं, कुणी घास घेतला नाही.
एक देवी फक्त, तिची लेक हरवलेली,
तिचं लक्ष नव्हतं. खांदा खाऊन बसली.
पुढे पोराला सांधून उठवलं त्यांनी,
खांदा हस्तिदंताचा.

मीटर थांबला. एकशे ऐंशी टन.
मी पावतीवर सही घेतली, होज गुंडाळला.

आबा गेले तेव्हा रजा मिळाली नाही.
कुणीतरी व्हिडिओ पाठवला, हललेला.
तिरडीला पुढून शार्दूल, चौदा वर्षांचा,
उंची पुरेना म्हणून
टाचा उचलून चाललेला.

बार्ज वळली. जहाजाचे दिवे लहान होत गेले.
डावा की उजवा,
विचारायचं राहिलं.